पाण्यात मागे राहतं ते

भाच्याच्या घरामागे पोहायचं टाकं आहे. त्याच्या दुसऱ्या पायरीवर, टाइल्सच्या सांध्यात, तळहाताएवढा एक डाग होता. धड निळा नाही, धड हिरवाही नाही. भाच्याला तो शेवाळाचा वाटला होता. त्यानं ब्रशनं घासून पाहिला, जाईना. मध्यंतरी मी पायऱ्या उतरून वाकून पाहिलं आणि मला तो ओळखू आला. हा रंग मी लहानपणी रोज सकाळी पाहत असे, आजीच्या तांब्याच्या गुंडाच्या गळ्याशी, जिथं तिचा हात नीट पोचायचा नाही तिथं.

आमचं गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, तलावाच्या पाळीखाली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उतरंडीशेजारी तो गुंड असायचा. रात्री विहिरीचं पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उठल्याबरोबर त्यातलंच प्यायचं. दर दोन दिवसांनी आजी तो अंगणात नेऊन चिंचेनं घासायची. आदल्या दिवशीच्या वरणातून काढलेली चिंच, चिमूटभर मीठ, थोडी राख. काळपट झालेला गुंड हाताखाली असा उजळत जायचा, की घासताना तिचा चेहराही त्यात हळूहळू दिसू लागायचा. एवढा जपलेला तो गुंड, पण त्यात ताक ओतायला गेलं की आजी हातातलं काम टाकून ओरडायची, "त्यात ताक नोको ठेवू वं, कळकते!" पाणी ठेवायचं, ताक ठेवायचं नाही. चिंचेचं सारही नाही. त्यासाठी कल्हई केलेली पितळेची भांडी वेगळी होती आणि वर्षातून एकदा कल्हईवाला भाता घेऊन पिंपळाखाली बसायचा. भांडं तापवून त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा. मग कापसाच्या बोळ्यानं कथिल फिरवलं की भांड्याच्या पोटात चंद्र उतरल्यासारखं व्हायचं. पुढं तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आंबट पदार्थात तांबं विरघळतं आणि ते जास्त पोटात गेलं की मळमळ, उलट्या होतात, हे फळ्यावर लिहिताना दरवेळी 'कळकणं' हा शब्द आठवायचा. आजीनं सूत्र कधी पाहिलं नव्हतं. तांबं कुठवर आपलं आणि कुठून पुढं आपलं नाही, ती सीमा मात्र तिला पाठ होती.

भाचा गोंदियाच्या बाहेर बालाघाट रस्त्याला राहतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं घराच्या मागच्या मोकळ्या जागेत हे टाकं बांधलं. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. आमच्याकडचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला या हौसेचं कारण सांगावं लागत नाही. मुलं दुपारभर त्यात असतात. यंदा जूनमध्ये सगळे लग्नासाठी आठ दिवस बाहेरगावी गेले. इकडे मृगाचा पाऊस झाला, वीज दोन दिवस गेली, फिल्टर बंद पडला. परत आले तर टाक्याचा तळ दिसत नव्हता. पाणी हिरवंगार, वर भिंतीकडेनं बुळबुळीत थर, आणि एका कोपऱ्यात बेडकांनी घातलेली अंड्यांची माळ. भाच्याला ते पाहून किळस आली. त्याची नऊ वर्षांची मुलगी मात्र काठावर उकिडवी बसून त्या माळेकडे बराच वेळ पाहत राहिली. ती अंडी तिनं आधी बादलीत काढून घेतली आणि मागच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, नेऊन सोडली. मगच तिनं कुणाला टाक्याला हात लावू दिला.

भाच्यानं नागपूरच्या एका दुकानदाराला फोन केला. दुसऱ्या दिवशी कुरिअरनं पाच लिटरचा डबा आणि एक बाटली आली. शेवाळ मारायचं औषध. "मावशी, तू बघ ना जरा, किती टाकायचं ते," म्हणून त्यानं बाटली माझ्याकडे दिली. मी झाकण उघडलं आणि आतला रंग पाहून क्षणभर थांबले. तो मोरचुदाचा रंग होता.

मोरचूद म्हटलं की मला काटोलकडची मामांची संत्र्याची बाग आठवते. मामा मातीच्या मडक्यात रात्री मोरचूद भिजत घालायचे, दुसऱ्यात चुन्याची निवळी करायचे आणि दोन्ही एकत्र ओतून त्याचं निळसर दूध तयार करायचे. लोखंडाची बादली चालायची नाही. विळ्याचं पातं त्यात क्षणभर बुडवून ते आम्हाला दाखवायचे. पात्यावर तांबूस झाक आली तर चुना कमी पडला असं समजायचं. मग झाडांच्या बुंध्यांना कमरेइतक्या उंचीपर्यंत त्याचा लेप. संध्याकाळी बागेत शिरलं की सगळी झाडं निळसर धोतर नेसून उभी आहेत असं वाटायचं. संस्कृतात याला मयूरतुत्थ म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं मोराचा गळा उन्हात नीट पाहिलेला होता. पुढं कळलं की हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो परिसरातलं. तिथं वाटेवरची द्राक्षं येणाऱ्याजाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर चुना आणि मोरचूद शिंपडत. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की बाकीचा मळा रोगानं झडला तरी त्या वेलींची पानं जागेवर आहेत. १८८५ साली त्यानं ते जगाला सांगितलं. द्राक्षांच्या राखणीसाठी शिंपडलेलं विष असं वेलींचं औषध ठरलं आणि पुढं आमच्या संत्र्यापर्यंत आलं.

शेवाळ आणि तांबं यांची गाठ तर त्याहूनही सरळ आहे. नेगेली नावाच्या स्विस शास्त्रज्ञाचा एक निबंध त्याच्या निधनानंतर, १८९३ साली प्रसिद्ध झाला. पाण्यात तांबं अगदी नावापुरतं उतरलं तरी त्यातलं स्पायरोगायरा हे धाग्यासारखं शेवाळ मरतं, हे त्यानं दाखवलं होतं. ते वाचल्यापासून मला वैनगंगेचा पूल आठवत राहतो. आम्ही नागपूरला निघालो की गाडी पुलावर चढताच आजी कनवटीचं नाणं काढायची, कपाळाला लावायची आणि खिडकीच्या गजांतून खाली टाकायची. खाली पाणी किती आहे हे दिसायच्या आत गाडी पलीकडे गेलेली असायची. तांब्याचे पैसे चलनातून गेले, तरी जुना एखादा जवळ असला तर ती तोच टाकायची. त्या नाण्यानं नदी शुद्ध होते असं काही लोक सांगतात. मला ते पटलेलं नाही. एवढ्या वाहत्या पाण्यात एक नाणं म्हणजे काय? पण त्या हातात नदीबद्दल जो भाव होता तो मात्र पटतो. नदीला द्यायचं ते आपल्या घरातलं चांगलं असलं पाहिजे, एवढंच त्या हाताला म्हणायचं होतं.

नदी आणि टाकं यांत फरक आहे तो इथं. नदीत पडलेलं पुढं जातं. टाक्यात पडलेलं टाक्यातच राहतं. मी वही काढून हिशोब केला. आठ गुणिले चार गुणिले सव्वा म्हणजे चाळीस घनमीटर, म्हणजे चाळीस हजार लिटर. शेवाळ मरायला लिटरमागे साधारण ०.३ मिलिग्रॅम तांबं पुरतं असं धरलं तर अख्ख्या टाक्यात फक्त बारा ग्रॅम. आजीच्या गुंडाच्या काठाचा नखाएवढा तुकडा. इतकं कमी, की माणसाचा हात आपोआप सैल सुटतो. पण उन्हानं पाणी उडून जातं, तांबं उडत नाही. मेमध्ये भाचा दर दोन-तीन दिवसांनी बोअरचं पाणी वरून भरतो, कारण पातळी बोटाबोटानं खाली जाते. गेलेलं पाणी वाफ होऊन जातं आणि आपल्याजवळचं सगळं मागे ठेवून जातं. पुढच्या हिरव्या लाटेला दुसरी बाटली, मग तिसरी. बारा ग्रॅमचे चोवीस होतात, चोवीसाचे छत्तीस. काही तांबं मेलेल्या शेवाळाबरोबर फिल्टरमध्ये अडकतं, पण बरंचसं पाण्यात राहतं. मग एखाद्या दिवशी पाण्याचा आम्लपणा कमी होतो, पीएच वर चढतो आणि विरघळलेलं तांबं विरघळलेलं राहू शकत नाही. ते पायरीवर, सांध्यात, भिंतीवर येऊन बसतं. दुसऱ्या पायरीवरचा डाग तसा आलेला होता. भाच्यानं मग आठवून सांगितलं. गेल्या वर्षी, पहिल्याच उन्हाळ्यात, त्यानं अशाच तीन बाटल्या टाकल्या होत्या. पोहणाऱ्यांच्या सोनेरी केसांना हिरवी झाक येते, तीही या तांब्यामुळेच, क्लोरीनमुळे नाही. आमच्या घरच्या काळ्याभोर केसांवर ती दिसत नाही, एवढंच. माझ्या पांढऱ्या केसांवर दिसली असती.

क्लोरीनचा स्वभाव याच्या उलट आहे. ते मला आमच्या गावच्या पाणीवाल्या भाऊंनी शिकवलं. ग्रामपंचायतीत त्यांना जलसुरक्षक म्हणतात. सायकलच्या कॅरिअरला प्लास्टिकची बादली, बादलीत टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी आणि खिशात ओटी टेस्टची कुपी. विहिरीजवळ आले की आधी पावडर थोड्या पाण्यात कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी बादलीनं विहिरीत सोडायची आणि दोराला हिसके देऊन पाणी वरखाली करायचं. अर्ध्या तासानं बाटलीत पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून पिवळेपणा पाहायचा. एकदा मी विचारलं, काल टाकलं होतं ना, मग आज पुन्हा का? ते म्हणाले, "बाई, हे रायत नाही जी. आपलं काम करते अन् जाते. मनूनच रोज याव लागते." त्यांच्या त्या वाक्यात मला कधी तक्रार ऐकू आली नाही. रोज यावं लागतं, म्हणून ते रोज येत. साथीच्या दिवसांत दोनदा येत. गावानं त्यांच्या येण्यावर घड्याळ लावलं होतं.

मी बाटलीचं झाकण परत लावलं आणि भाच्याला म्हटलं, चार दिवस दे मला. त्याला चार दिवस जड वाटले, कारण मुलं अंगाला पंचा गुंडाळून काठावर उभी होती. पण तो थांबला. पहिल्यांदा पीएच पाहून खाली आणला. मग पाण्यात आधीचं सायन्युरिक अ‍ॅसिड किती आहे ते मोजलं. उन्हापासून क्लोरीनला जपणारं हे द्रव्य. ते जितकं जास्त, तितकं क्लोरीनही जास्त धरावं लागतं, नाहीतर शेवाळ क्लोरीनच्या नाकावर टिच्चून वाढतं. भाच्याचा घोटाळा तिथंच झाला होता. तो ज्या गोळ्या तरंगत्या डबीत टाकायचा, त्यांच्यातूनही हे द्रव्य पाण्यात उतरत होतं आणि तेही मागे राहणारंच. म्हणजे मागे राहणारं एकटं तांबं नाही, हेही त्याला सांगावं लागलं. गोळ्या बंद केल्या, द्रव क्लोरीन आणलं. सकाळ-संध्याकाळ मोजून वाढवलं. भाचा आणि त्याची मुलगी दोघं मिळून लांब दांड्याच्या ब्रशनं भिंती घासत होते. पायऱ्यांच्या मागे, शिडीच्या पायांत, दिव्याच्या काचेभोवती, जिथं पाणी फिरत नाही तिथं शेवाळ दडून बसतं. फिल्टर रात्रंदिवस चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी हिरव्याचं राखाडी झालं. तिसऱ्या दिवशी टाक्याला धुरकट दुधाचा रंग आला. मुलीनं विचारलं, "आजी, शेवाळ मेलं की कुठं जातं?" मी तिला फिल्टरची काच दाखवली. बॅकवॉश करताना त्या छोट्या काचेतून आधी राखाडी, मग मातकट आणि शेवटी स्वच्छ पाणी वाहताना दिसतं. ती काचेला नाक लावून उभी राहिली.

या कामातली एक गोष्ट मला फार आवडते. पाणी निवळलं, म्हणजे शेवाळ संपलं असं नसतं. ते ओळखायला रात्र लागते. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजायचं आणि उन्हाची पहिली तिरीप पाण्यावर पडायच्या आत पुन्हा मोजायचं. दिवसा ऊन क्लोरीन खातं, त्यामुळं दिवसाचा हिशोब खरा धरता येत नाही. रात्री ऊन नसतं. तरीही लिटरमागे एक मिलिग्रॅमहून जास्त क्लोरीन उतरलं, तर पाण्यात न दिसणारं काहीतरी अजून जगतं आहे. चौथ्या दिवशी मी भाच्याकडेच मुक्काम केला. पहाटे साडेचारला उठून गेले. अंगणात पारिजाताखाली ओल होती. दूर मालगाडी जंक्शनकडे शिट्टी देत चालली होती. परीक्षानळीत पाणी घेतलं, पूड टाकली, हलवली. गुलाबी रंग आला. मग एक-एक थेंब मोजत तो रंग जाईपर्यंत थांबायचं. बॅटरीच्या उजेडात मी थेंब मोजत होते आणि मागे पायरव झाला. भाच्याची मुलगी उशी काखेत धरून उभी होती. "गेलं का?" म्हणाली. रात्रीचे आणि पहाटेचे थेंब जवळजवळ सारखेच भरले. गेलं होतं. आम्ही दोघी तशाच काठावर बसलो, फटफटेपर्यंत. तळाच्या टाइल्सचा एकेक सांधा हळूहळू दिसू लागला.

उजाडल्यावर मला तो पायरीवरचा डाग पुन्हा दिसला. स्वयंपाकघरातून अर्धं लिंबू आणलं. पाणी तिथवर एका पायरीनं उतरवून ठेवलेलं होतं. आजी गुंडाला चिंच लावायची तसं मी ते लिंबू डागावर दाबून धरलं, गोल-गोल फिरवलं. मिनिटभरात तो फिकट झाला आणि सांध्यातला पांढरा चुना उघडा पडला. मुलगी खूश झाली. मी मात्र लिंबाची फोड हातात घेऊन तशीच बसले. डाग गेला, पण तांबं कुठं गेलं? लिंबाच्या रसात विरघळून ते पायरीवरून ओघळलं आणि पुन्हा टाक्यात उतरलं. आजीच्या गुंडाचं तांबंही चिंचेच्या पाण्यातून अंगणातल्या केळीच्या बुंध्याशी जात असे. पण ते चिमूटभर होतं, आणि केळीखाली माती होती.

टाक्यातलं पाणी कधीतरी बाहेर जातं. पूर्ण रिकामं करायची वेळ आली की जातं, एरवी दर बॅकवॉशला शेकडो लिटर जातं. भाच्याच्या कुंपणाखालून एक नाली निघते. पलीकडे शेजाऱ्याच्या धानाच्या बांध्या आहेत आणि त्यांच्या उतारावर ती बोडी, जिथं मुलीनं बेडकांची अंडी सोडली. मृगानंतर पऱ्हे टाकलेले असतात, चिखलणी होते, रोवणी सुरू होते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगा आणि त्यांच्या पायांभोवती बांधीच्या पाण्यावर तरंगणारी निळसर हिरवी साय. ती साय म्हणजेही शेवाळच. निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्रवायू धरून जमिनीला देतं. खत न घालता धानाची शेतं वर्षानुवर्षं पीक कशी देत राहतात, या कोड्याचं उत्तर पी. के. डे यांनी १९३९ साली या शेवाळात दाखवून दिलं. आणि तांब्यापुढं ज्यांचा टिकाव फार कमी लागतो, त्यांत हेच निळं-हिरवं शेवाळ येतं. बोडीतल्या झिंग्यांचं, गोगलगाईंचंही तसंच. माशांच्या कल्ल्यांना तांबं झोंबतं आणि पाण्यात चुन्याचा अंश जितका कमी, तितकं अधिक झोंबतं. पावसाचं साठलेलं पाणी मऊच असतं. कुंपणाच्या अलीकडे जे आपल्याला नको आहे, तेच पलीकडे कुणाचं तरी पोट आहे. मधे फक्त एक नाली आहे.

आमचा मुलूख तलावांचा. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण पाण्याची नाती कुणी वेगळी केली नाहीत. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात हे तलाव बांधले. डोंगरांच्या कुशी हेरून मधे मातीची पाळ घातली. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं सांगितला जातो. सात टेकड्यांमधलं ते पाणी पाहताना माणसानं हे बांधलं यावर विश्वास बसत नाही. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथं राहिले आणि माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीनं त्यांनी हा परिसर झाडापाखरांसह वाचला. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोकांनी त्याचं 'मामा तलाव' केलं. मला हे नाव फार जवळचं वाटतं. आजोळच्या माणसाला हाक मारावी तसं.

त्या तलावांत शेवाळ नसतं का? असतं. काठाच्या दगडांवर पाय घसरून मी दोनदा पडले आहे. लहानपणी हनुवटीला पडलेली खोक अजून बोटाला लागते. पण तिथं शेवाळ एकटं नसतं. त्याला खाणारे जीव असतात, त्यांना खाणारे मासे, माशांवर टपलेले बगळे. कमळाच्या, शिंगाड्याच्या पानांची सावली पाण्यावर असते, त्यामुळं ऊन खाली जपून उतरतं. मधली काही वर्षं हा मेळ बिघडला होता. पोटात गाळ साठला, काठानं बेशरमीची रानं माजली, पाण्याखालच्या देशी वनस्पती गेल्या आणि त्यांच्या आधारानं राहणारे गावठी मासेही गेले. मग अर्जुनी-मोरगावकडच्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या माणसांनी, त्यातही बायांनी, काही तलावांत काम सुरू केलं. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी त्यांच्यासोबत होते. बेशरम मुळासकट उपटली. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या तळाची नांगरणी केली. जिथं चांगलं पाणी शिल्लक होतं तिथून वनस्पती आणून, पहिला पाऊस झाल्यावर चिखलात लावल्या, रोवणीसारख्या. कुठल्या माशाला कुठल्या पानाखाली अंडी घालायला आवडतं हे जुन्या ढिवरांना ठाऊक होतं. त्या माहितीवर हे सगळं उभं राहिलं. एका उन्हाळ्यात होणारं ते काम नव्हतं. तिथंही रोज यावं लागतं, पाणीवाल्या भाऊंसारखं.

भाच्याच्या टाक्यात कमळ लावता येत नाही, मासा सोडता येत नाही. माणसाच्या अंगाखेरीज कुठलाच जीव तिथं राहू नये असं ते पाणी आहे. म्हणून त्याची राखण माणसालाच करावी लागते. कधी कधी वाटतं, एवढ्या एकट्या पाण्याला घरात आणलं तर त्याच्या जवळ रोज बसायची तयारीही घरात आणायला हवी. निळी बाटली ती तयारी वाचवायचं आमिष दाखवते. तिच्यात खोटं काही नाही. १९०४ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी शहरांच्या मोठ्या जलाशयांतलं शेवाळ मोरचुदानं मारायची पद्धत सांगितली आणि ती जगभर वापरली गेली. लाखो माणसांच्या पिण्याच्या पाण्याला कुबट वास आला तर तेव्हा ते शहाणपण असेल. आपल्याकडच्या मानकांप्रमाणे पिण्याच्या पाण्यातही लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्यामुळं अशा टाक्यात डुंबून कुणाला विषबाधा होईल असं मी भाच्याला सांगितलं नाही. भीती घालून सांगितलेली गोष्ट टिकत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की घरच्या टाक्याला तांब्याची गरजच नाही. ब्रश, फिल्टर आणि मोजून दिलेलं क्लोरीन पुरतं. क्लोरीन आपलं काम करून निघून जातं. टाकं रिकामं करायच्या आधी पाणी काही दिवस उन्हात उघडं ठेवायचं. परीक्षानळीतला गुलाबी रंग दिसेनासा झाला की क्लोरीनपुरती शेजारच्या बांधीला भीती नाही. तांब्याला असं थांबून घालवता येत नाही.

आमच्या शेजारच्याच बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे, देशातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. शाळेची सहल घेऊन मी एकदा तिकडे गेले होते. डोंगराच्या जागी पायऱ्यापायऱ्यांची प्रचंड परडी आणि तळाशी मुंगीएवढे ट्रक. एका मुलानं वाटेतून हिरवट दगड उचलून माझ्या हातावर ठेवला होता. तो अजून माझ्या टेबलावर आहे. कोट्यवधी वर्षं खडकात शांत बसलेलं ते द्रव्य आपण उकरून वर आणतो. त्याची तार होते, गुंड होतो, मोरचूद होतं. त्या दगडाकडे पाहिलं की वाटतं, एकदा वर आणलेल्या वस्तूला पुन्हा खाली ठेवायची जागा आपल्याकडे नाही. ती फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते.

आता टाक्याचं पाणी स्वच्छ आहे. मुलं पुन्हा उड्या मारतात. भाच्यानं मोटरच्या खोलीत भिंतीला वही टांगली आहे. मुलगी रोज संध्याकाळी तीत आकडे लिहिते, तिच्या गोल अक्षरात. काल तिनं मला त्या खोलीत नेलं आणि फळीवरच्या बाटलीकडे बोट केलं. डबा आणि बाटली, दोन्ही भरलेली, झाकणं घट्ट. दुकानदार उघडलेला माल परत घेत नाही म्हणाला. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि भिंतीवर त्या बाटलीचा निळा ठिपका हलत होता, मोराच्या गळ्यासारखा.

"आजी, ही कुठं ओतायची?" तिनं विचारलं.

मी नालीचा विचार केला, मग बांधीचा, मग बोडीचा, जिथं तिची बेडकं आता शेपटी गाळत असतील. तिच्या हातात हात देऊन मी बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. बाहेर पाऊस सुरू झाला होता. पागोळ्यांचं पाणी नालीला लागलं होतं आणि कुंपणाखालून पलीकडे चाललं होतं.